‘चिंता करितो विश्वाची’ : यातली चिंता कोणती?

प्रश्न अमळनेरच्या एका शिक्षिकेचा आहे. पाचवीच्या वर्गात समर्थ रामदासांच्या बालपणीची गोष्ट चालू होती. नारायण घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसतो, आई शोधून शोधून थकते, शेवटी सापडल्यावर ‘काय करतोस?’ विचारते आणि तो म्हणतो, ‘आई, चिंता करितो विश्वाची.’ यावर एका मुलाने विचारलं, ‘म्हणजे त्याला टेन्शन आलं होतं का?’ बाईंच्या स्वतःच्या शंका आणखी दोन. त्याच गोष्टीत ‘नारायण फार अचपळ होता’ असं आहे. अचपळ म्हणजे चपळ नसलेला, मग तो झाडावर चढून डोहात उड्या कसा मारतो? आणि लग्नात ‘सावधान’ ऐकून पळाला, तो नेमका कशाला घाबरून?

‘अचपळ’ सोपा आहे, तो आधी उरकून घेऊ. यातला ‘अ’ नकाराचा नाही. अचपळ म्हणजे फार चपळ, एका जागी न ठरणारा, आणि मुलाच्या बाबतीत खोडकर. पुरावा खुद्द समर्थांच्या करुणाष्टकात आहे: ‘अचपळ मन माझें नावरे आवरीतां’. मन चपळ नसतं तर आवरायचा प्रश्नच नव्हता. ‘अघोर’चंही तसंच. संस्कृतात अघोर म्हणजे घोर नसलेला, ते शिवाचं नाव आहे. मराठीत मात्र अघोर पाप म्हणजे घोराहून घोर. तेव्हा अचपळ नारायण डोहात उड्या मारतो, यात विसंगती काही नाही.

मुलांच्या वागण्याबद्दलच्या जुन्या शब्दांत असे खड्डे बरेच आहेत. ‘व्रात्य’ आज खोड्या करणारा. धर्मशास्त्रात व्रात्य म्हणजे वेळेत मुंज न झालेला. जुन्या मजकुरात एखादा मुलगा व्रात्य म्हटला असेल तर त्याने खोड्या केल्या की त्याची मुंज राहिली, हे पुढची-मागची ओळ वाचल्याशिवाय सांगू नये. ‘उदास’ त्याहून फसवा. ‘लहानपणापासून उदास’ असं कुठे दिसलं की आजचा वाचक मुलाचा चेहरा पाडून टाकतो. पण तुकाराम महाराज सांगतात, चांगल्या व्यवहाराने धन जोडावं आणि ते ‘उदास विचारें’ खर्चावं. रडतरडत खर्चावं असं काही ते म्हणत नाहीत. गुंतून न राहता खर्चावं, असं म्हणतात. हा उदास ‘उदासीन’च्या घरातला: बाजूला बसलेला, अलिप्त. आणि आपल्याकडे जळगाव-धुळ्यात पोराला ‘आगाव’ म्हणतात, त्यात राग किती नि कौतुक किती हे बोलणाऱ्याच्या आवाजावरूनच कळतं. कागदावर आवाज उतरत नाही. जुन्या गोष्टी वाचताना घोळ होतो तो बहुतेक इथे.

आता चिंता. ‘जुन्या मराठीत चिंता म्हणजे विचार, काळजी हा अर्थ नंतरचा’ असं उत्तर ठोकून दिलेलं पुष्कळदा दिसतं. ते अर्धं खरं आहे. मूळ धातू ‘चिंत्’, विचार करणं. चिंतन, शुभचिंतक, ‘भलं चिंतणं’, यांत काळजीचा मागमूस नाही. चिंतामणी म्हणजे मनात आणलेलं देणारा मणी. पसायदानातलं ‘चेतना चिंतामणीचें गांव’ काही काळजीग्रस्तांचं गाव नव्हे. पण ‘नंतरचा’ हे टिकत नाही. मनाच्या श्लोकांत समर्थच लिहितात, ‘मना मानवी व्यर्थ चिंता वहाते, अकस्मात होणार होऊनि जाते’. ही आजचीच चिंता, निष्फळ झुरणारी. म्हणजे एकाच माणसाच्या काळात, त्याच्याच भाषेत दोन्ही अर्थ नांदत होते. शब्द जुना आहे एवढ्यावर निकाल लागत नाही. वाक्य बघावं लागतं.

वाक्यात आधी क्रियापद बघा. चिंता लागते, पडते, वाटते तेव्हा ती माणसावर येऊन बसते आणि माणसाला चतुर्थी मिळते: मला चिंता लागली. हा घोर. चिंता ‘करतात’ तेव्हा माणूस कर्ता होतो, आणि अर्थ दोन्हीकडे झुकू शकतो. ‘वाहणं’ आणखी चकवतं: मनाच्या श्लोकांतली वाहिलेली चिंता व्यर्थ आहे, पण ‘देव भक्तांची चिंता वाहतो’ म्हटलं की तोच शब्द सांभाळ करण्याच्या अर्थाने येतो. ‘काळजी’चंही हेच आहे. काळजी लागते ती वेगळी, आणि निघताना आपण ‘काळजी घ्या’ म्हणतो ती वेगळी. तिथे कुणी कुणाला झुरायला सांगत नाही.

मग षष्ठी बघा. ‘उद्याची चिंता’ म्हणजे उद्याबद्दलची भीती; ‘पोरांची चिंता’ म्हणजे पोरांसाठीची तळमळ; ‘पोटाची चिंता’ म्हणजे सरळ तजवीज, चार दाणे आणायची. तीनही ठिकाणी प्रत्यय ‘ची’च. ‘विश्वाची’ यातल्या कोणत्या रांगेत बसवायची, हे त्या एका वाक्यातून कळत नाही. ते आईच्या वाक्यातून कळतं.

गोष्टीच्या बऱ्याच प्रचलित रूपांत नारायण दडून बसण्याआधी आई त्याला बोल लावते: दिवसभर हुंदडतोस, घरात कर्ता पुरुष नाही (वडील सूर्याजीपंत तेव्हा वारले होते), पुरुषाने प्रपंचाची काही चिंता करावी. हे वाक्य असेल तर मुलाचं उत्तर हे आईच्याच शब्दाचा परतलेला चेंडू आहे. आता दोन्ही वाक्यांत ‘चिंता’च्या जागी एकेक शब्द घालून पाहा. ‘प्रपंचाचा घोर कर’ असं कुणी म्हणत नाही, घोर लागतो. ‘प्रपंचाचं चिंतन कर’ हे कोणतीही आई म्हणणार नाही. ‘प्रपंचाचं काही बघ’ हे चपखल बसतं, आणि उत्तरातही बसतं: ‘सगळ्या जगाचं बघतोय.’ दोन्हीकडे चालणारा अर्थ तोच: भार अंगावर घेऊन विचार करणं. यात टेन्शन नाही आणि निव्वळ ध्यानही नाही.

तुमच्या पुस्तकातल्या गोष्टीतून आईचं ते वाक्य गाळलेलं असेल, तर मात्र उत्तर लटकतं राहतं आणि ‘एकांतात बसून विचार करतोय’ हा अर्थही तितकाच चालतो. वर्गातल्या मुलाची शंका बहुधा याच गाळण्यातून आली आहे. धडा लहान करताना आधी आईचं बोलणं जातं, मग हुंदडणं जातं, आणि शेवटी उरतो तो अंधारात बसलेला मुलगा आणि एक भारी वाक्य. असं उरलेलं वाचून कुणालाही तो मुलगा खिन्नच वाटेल.

शब्दरचनाही सगळीकडे एक नाही. कुठे ‘चिंता करितो विश्वाची’, कुठे ‘विश्वाची चिंता करीत होतो’. पहिल्यात जुना वर्तमान आणि शेवटी आलेलं ‘विश्वाची’: ही ठेवण सुभाषिताची झाली, पाठ व्हायला सोपी. दुसरं साधं बोलणं. लहान मूल आईशी कोणत्या तऱ्हेने बोलेल ते सांगायला नको, पण म्हणून दुसरं रूप जुनं ठरतं असंही नाही. कीर्तनकार वाक्याला ठाशीव करतो, तसा धडा लिहिणारा ठाशीव वाक्याला सोपंही करतो.

इथे थोडं कागदपत्रांचं. समर्थांचा जन्म जांब गावचा, शके १५३० चा. ७८ मिळवले की १६०८. जन्म चैत्रातला असल्याने ७८ बरोबर. पौष-माघाची तिथी असती तर इसवी सन बदलून गेल्यामुळे बहुधा ७९ मिळवावे लागतात, आणि वर्षाचा फरक पडलेले पुष्कळ लेख याच चुकीने पडलेले असतात. समर्थ संप्रदायातली ‘वाकेनिशी’ नावाची जुनी नोंद म्हणजे त्रोटक टिपणं. शक, तिथी, मुक्काम असा तिचा बाज. घरातले संवाद रंगतात ते बखरींत आणि ओवीबद्ध चरित्रांत. हनुमंतस्वामींची बखर अठराव्या शतकाच्या अखेरची, म्हणजे समर्थांनंतर शंभरावर वर्षांनी लिहिलेली. बखरकाराला मुलगा पुढे कोण झाला हे माहीत असतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ना, तर तो पाळण्याकडे पाय शोधायलाच वाकलेला असतो. वयंसुद्धा बघा: बाराव्या वर्षी घर सोडलं, बारा वर्षं टाकळीला तप, बारा वर्षं तीर्थाटन. बारा वर्षांना मराठीत ‘एक तप’च म्हणतात. आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही, पण ते तपांच्या मापाने मोजले गेलेत एवढं ध्यानात ठेवावं.

मूळ पाठ पाहायचा झाला तर आपल्याला खानदेशाबाहेर जायची गरज नाही. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठोमठी हिंडून जमवलेला रामदासी पोथ्यांचा संग्रह धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. पोथी उघडल्यावर आधी शेवटचं पान बघा. तिथल्या पुष्पिकेत लेखनिक शक, तिथी, गाव देतो. पण ही तारीख नकलेची. रचना त्याआधी पाच वर्षांचीही असेल, दीडशेचीही. ‘अमुक शकाची बखर’ म्हणून छापलेले कित्येक आकडे प्रत्यक्षात नकलेचे शक असतात. दुसरी अडचण अवतरणचिन्हांची. ती छापखान्याबरोबर आली. पोथीत शब्दही तोडलेले नसतात, शिरोरेषा सलग. मग कुणाचं बोलणं कुठे संपलं? त्यासाठी ‘म्हणोन’ शोधायचं. जुन्या गद्यात बोलणं आधी येतं आणि मागून ‘म्हणोन बोलिले’ त्याला कुंपण घालतं. कुंपणाबाहेरचं वाक्य मुलाच्या तोंडचं नाही, लेखकाची टिप्पणी आहे. छापताना अवतरणचिन्ह दोन शब्द पुढे सरकलं की टिप्पणी मुलाच्या तोंडात जाते, आणि मुलगा वयापेक्षा फार शहाणा दिसायला लागतो.

एक शब्द मात्र छापील गोष्टींतून हटकून गळतो: ‘म्हणे’. ‘नारायण म्हणे कोपऱ्यात जाऊन बसला’ यातला ‘म्हणे’ ही सांगणाऱ्याची सही आहे: ऐकलेलं सांगतोय, पाहिलेलं नाही. तेवढं ‘म्हणे’ काढलं की आख्यायिकेचा इतिहास होतो. वर्गात सांगताना ते परत घाला.

सावधान. ‘स’ अधिक ‘अवधान’, म्हणजे लक्ष असलेला. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या तोंडाशी श्रोत्यांकडे अवधानच मागतात. मंगलाष्टकांच्या शेवटी तो शब्द का, हे कळायला घटिकापात्र आठवावं लागेल. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची. ती भरून बुडली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून अशा ६० घटका. भोकात कचरा अडकला तर वाटी उशिरा बुडणार आणि मुहूर्त टळणार, म्हणून पाणी गाळून घ्यायचं आणि एका माणसाने वाटीवर डोळा ठेवून बसायचं. घटका भरत आली की सगळ्यांनी लक्ष द्यावं, अंतरपाट दूर व्हायचाय, यासाठी ‘सावधान’. कवायतीत ‘सावधान! विश्राम!’ म्हणतात तोच हा अर्थ, मुलं तो रोज पाय जुळवून पाळतात. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पाटीवर दिसतं ते ‘सावधान’ धोक्याचं. शब्द तोच, पण पाटीतला धोका वळणाचा आहे, शब्दाचा नाही.

तेव्हा भटजींनी ‘लक्ष द्या’ म्हटलं आणि नारायणाने ‘जागा हो’ असं ऐकलं. गोष्टीची सगळी गंमत या श्लेषात आहे. घाबरला असं त्यात कुठेच नाही. पुढे दासबोधात समर्थ हरिकथा आणि राजकारण यांच्यानंतर तिसरं स्थान देतात ते ‘सावधपणा’ला, ‘सर्वविषयीं’. हा शब्द त्यांच्या लेखनात इतका मुरलेला आहे की लग्नाची गोष्ट रचणाऱ्याने तो दासबोधातून उचलून मांडवात नेला असेल, अशी शंका मला येते. ती शंकाच, पण गोष्टीवरून मुलाच्या मनाचं निदान करायला बसू नये एवढं तरी त्यातून निघतं.

पाचवीच्या मुलाला काय सांगायचं? टेन्शन आलं होतं, पण ते आईला. आईला चिंता लागली, मुलगा चिंता करत होता: फळ्यावर ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहा आणि कोणत्या वाक्यात माणसाला ‘ला’ लागलाय ते मुलांनाच शोधू द्या. वर्गात अहिराणी बोलणारी मुलं असतील तर त्यांना हे लगेच पटेल, कारण तिथे चालू काम वेगळं काढून सांगावंच लागतं: मायले चिंता लागनी, पोऱ्या चिंता करी ऱ्हायना.