कुत्रीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत आणि मगच नसबंदी करावी, हे खरं आहे का?

नाही. एक वेत झालं की कुत्रीची तब्येत सुधारते, स्वभाव शांत होतो, पुढचे आजार टळतात, यातलं काहीही होत नाही. एवढंच लिहून थांबणार होते. पण तुम्ही खाली लिहिलंय की काका म्हणतात, "आम्ही जन्मभर गाई सांभाळल्या, आम्हाला काय शिकवतेस?" ते वाचलं आणि राहवेना. तुमच्याकडे काका आहेत, आमच्याकडे दादा आहे.

दादाचं म्हणणं कळायला आधी चांदीची गोष्ट सांगावी लागेल. चांदी आमची गाय. तिसऱ्या वेताला तिची वार (वासरामागून पडते ती) अडकली आणि कुणीतरी हात घालून ओढून काढली. (असं कधी करू देऊ नका. वार तुटते, तुकडे आत राहतात, गर्भपिशवीला जखमा होतात.) दीड महिन्याने ती माजावर आली, दादाने भरवून घेतली आणि मग उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही. 21 दिवस गेले, 42 गेले. माज नाही म्हणजे गाभण, एवढंच आमच्या घरचं गणित. चारा खात होती, रवंथ करत होती, दूध देत होती. चार महिने कुणाला शंकाही आली नाही. विण्याची तारीखसुद्धा वहीत लिहून ठेवली होती.

डॉक्टर आले होते दुसऱ्याच कालवडीसाठी. जाता जाता म्हणाले, हिलाही बघून घेतो. हात घातला, बराच वेळ चाचपत राहिले. चार महिन्यांच्या गाभण गाईच्या पिशवीत बटणांसारख्या गाठी हाताला लागतात, पिशवीच्या मोठ्या रक्तवाहिनीची थरथर जाणवते. इथे दोन्ही नाही. नुसती जाड, पिठाच्या गोळ्यासारखी भरलेली पिशवी. "गाभण नाही हो, पू आहे." दादाचा चेहरा मला अजून आठवतो.

त्यांनी प्रोस्टाग्लँडिनचं एक इंजेक्शन दिलं. दोन-तीन दिवसांत पू वाहायला लागला, गोठ्यात उभं राहवत नव्हतं. पिशवी रिकामी झाली, पुढे माज नीट येऊ लागले आणि काही महिन्यांनी चांदी खरोखर गाभण राहिली. तेव्हापासून दादाचं ठाम मत झालं, की पिशवीत पू झाला तर एक सुई पुरते. डॉक्टर लोक उगाच मोठं करून सांगतात.

आता गुंडी. ही माझी कुत्री, तेव्हा सहा वर्षांची, नसबंदी न केलेली. माज संपून पाच आठवडे झाले होते. पाणी फार प्यायला लागली. पातेलं भरावं की रिकामं. रात्री दोनदा उठवून बाहेर जायची. मग खाणं सोडलं. पोट थोडं मोठं दिसत होतं, तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, गाभण असेल गं. आणि मी, जिच्या डोळ्यांदेखत चांदीचं ते सगळं झालं होतं, तीच मी दिवस मोजत बसले. खालून काही वाहत नव्हतं, म्हणून पिशवीचा विचारच मनात आला नाही. नंतर कळलं की काही वाहत नाही हाच जास्त धोक्याचा प्रकार. पिशवीचं तोंड बंद, पू आतच साठत जातो आणि पिशवी फुटू शकते.

सोनोग्राफीत दिसलं. डॉक्टर म्हणाले, आजच ऑपरेशन, पिशवी आणि अंडाशयं दोन्ही काढायची. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "वेडी आहेस का? चांदीचं पोट फाडलं होतं का कुणी? सांग त्यांना, सुई द्या म्हणावं." आणि मी ऐकलं. गुंडीला घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या, हिरड्यांचा रंग बदलला, पाय टेकवेना. तेव्हा उचलून नेली. आधी काही तास सलाईन, मग रात्री ऑपरेशन. वाचली. पण तो दीड दिवस माझा होता, दादाचा नव्हता. फोन त्याने केला नव्हता, मी केला होता.

दादाला मी नंतर जे समजावायचा प्रयत्न केला ते तुमच्या काकांसाठी इथे लिहिते.

आजाराचं नाव दोन्हीकडे एकच, पायोमेट्रा. यंत्रणा वेगळी. माजानंतर अंडाशयावर पीतपिंड (एक तात्पुरती गाठ) तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडतो. गाय गाभण राहिली नाही, तर सतराव्या दिवसाच्या आसपास तिची पिशवीच प्रोस्टाग्लँडिन सोडून तो पीतपिंड मोडते, म्हणून 21 दिवसांनी पुन्हा माज. पिशवीत पू भरला की हा निरोप जातच नाही. पीतपिंड तसाच राहतो, पिशवीचं तोंड मिटलेलं राहतं, गाय माजावर येत नाही. तिच्या पिशवीने जे सोडायला हवं होतं तेच डॉक्टर सुईने देतात, म्हणून एका सुईत काम होतं. शिवाय गाय सहसा आजारी दिसतसुद्धा नाही.

कुत्रीचा पीतपिंड पिशवीचं ऐकत नाही. पिल्लं राहोत न राहोत, माजानंतर जवळजवळ दोन महिने तो चालूच असतो. म्हणजे प्रत्येक माजानंतर पिशवी दोन महिने प्रोजेस्टेरॉनखाली. अस्तर जाड होतं, ग्रंथी पाझरतात, पिशवीचं आकुंचन थंडावतं, तिथली प्रतिकारशक्ती उतरते. माजात पिशवीचं तोंड उघडं असताना आत गेलेल्या जंतूंना, बहुतेकदा ई-कोलायला, याहून चांगली जागा मिळणार नाही. त्या जंतूंचं विष मूत्रपिंडाला लघवी दाट करू देत नाही, म्हणून ते पाणी पिणं. दर माजागणिक अस्तराची अवस्था बिघडत जाते, म्हणून हा आजार जास्त करून मध्यम वयापासून पुढच्या कुत्र्यांना होतो. स्वीडनमधल्या कुत्र्यांच्या विमा नोंदींवरून दिसतं की नसबंदी न झालेल्या साधारण पाचातल्या एकीला दहा वर्षांच्या आत हे होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. एक वेत झाल्याने पुढचे माज थांबत नाहीत, आणि आजार माजांतून येतो. संपलं. "आई झाल्याशिवाय तिचा जन्म पुरा होत नाही" हे माणसांचं बोलणं आहे, कुत्रीने कुणाकडे तक्रार केलेली नाही. त्यात पिल्लं अडली तर सिझेरियन, दूध उतरल्यावर कॅल्शियम घसरून आकडी, आणि मग सात-आठ पिल्लांना घरं शोधणं. ते काका शोधणार आहेत का, हे विचारा.

नसबंदी कोणत्या वयात करावी, हेही विचारलंत. तुमची कुत्री अडीच वर्षांची आहे, म्हणजे "पहिल्या माजाआधी की नंतर" हा वाद तुमच्यासाठी केव्हाच संपलाय. आत्ता माजावर असेल तर ऑपरेशन नको, तेव्हा रक्तपुरवठा वाढलेला असतो. माजानंतर दोन-तीन महिन्यांनी करा. आणि त्या दोन महिन्यांत ती जास्त पाणी पिऊ लागली, तर माझ्यासारखे दिवस मोजू नका.

दादाच्या बाजूनेही थोडं लिहायला हवं, नाहीतर तो म्हणेल एकतर्फी लिहिलंस. कुत्रीच्या पायोमेट्रावर औषधोपचार असतात. पिशवीचं तोंड उघडं आहे, कुत्री तरुण आहे, तब्येत बरी आहे आणि पैदाशीसाठी ठेवायचीच आहे, तर काही डॉक्टर ॲग्लेप्रिस्टोन (प्रोजेस्टेरॉनला अडवणारं औषध) आणि प्रोस्टाग्लँडिन देतात. पण ते अनेक दिवस द्यावं लागतं, उलट्या आणि धाप होते, आणि पुढच्या माजांनंतर आजार परत येण्याची शक्यता राहते. गुंडीत यातलं काहीच बसत नव्हतं. नसबंदीचेही तोटे आहेत. वजन वाढतं, काही कुत्र्यांना पुढे झोपेत लघवी होते, आणि मोठ्या जातींत फार लवकर केली तर सांध्यांचे त्रास वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. स्तनांच्या गाठींबद्दल 1969 च्या एका अभ्यासातले आकडे सगळे तोंडावर फेकतात. पहिल्या माजाआधी केली तर धोका अर्धा टक्का, एका माजानंतर 8, दोनांनंतर 26, आणि हे न केलेल्या कुत्रीच्या तुलनेत. 2012 मध्ये सगळे अभ्यास पुन्हा तपासले तेव्हा पुरावा वाटत होता तितका भक्कम नाही असं निघालं. तेव्हा त्या आकड्यांवर भांडू नका, पायोमेट्रावर भांडा.

आणि गाईवाल्यांनी प्रोस्टाग्लँडिनची सुई स्वतः आणून टोचू नये. गाय खरंच गाभण असली तर तिचं वासरू पडतं. ते औषध त्वचेतूनही शिरतं, त्यामुळे घरातल्या गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने हात लावू नये. आधी तपासणी. दादा हल्ली भरवल्यानंतर दोन महिन्यांनी प्रत्येक गाय तपासून घेतो, मगच वहीत तारीख लिहितो. कुणामुळे ते मात्र सांगत नाही.

एक राहिलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला विचारलं होतं, हिला कधी माज थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं का? दिलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, मीच मागून. ऑपरेशन नको, कापाकापी नको, म्हणून. त्या इंजेक्शनात प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं, आणि ते पिशवीवर काय करतं हे वर लिहिलंच आहे. तुम्हाला घरातलं कुणी मधला मार्ग म्हणून ते सुचवेल, तर नाही म्हणा. दादाला यातलं काही ठाऊक नाही. गेली चार वर्षं मी त्याला त्या एका फोनवरून बोलते आहे.