तुमचे प्रश्न : फझ पेडलमधलं काय काढावं, काय ठेवावं

प्रश्न : गिटारसाठी घरीच फझ पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारी डबी) बनवलं आहे. व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्या असलेल्या छिद्रांच्या बोर्डवर) पाच बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आहेत. आधी एक बफर (पुढच्या भागाचा भार मागे पोचू न देणारा टप्पा), मग फझचे दोन ट्रान्झिस्टर, त्यांचं आउटपुट ४७० ओहम आणि ८.२ के (के म्हणजे हजार ओहम) यांच्या सांध्यावरून घेतलेलं. तिथे ग्राउंडकडे उलटसुलट दोन १एन ४१४८ डायोड, पुढे टोन कंट्रोल, मग आवाज वाढवणारा एक ट्रान्झिस्टर आणि शेवटी पुन्हा बफर. सुटे भाग चाळिशीच्या घरात गेले. एवढं करूनही आवाज पातळ येतो, शिट्टी वाजते आणि अ‍ॅडॅप्टर लावला की हम येतो. नेमकं काय काढू? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : तुमच्या पेडलमध्ये फझ निर्माण करणारे ट्रान्झिस्टर दोनच आहेत. उरलेले तीन बहुतेक एकमेकांची भरपाई करत बसले आहेत. टोन कंट्रोल सिग्नल खातो, म्हणून त्याच्यामागे आवाज वाढवणारा ट्रान्झिस्टर आला आणि त्याच्यापाठोपाठ शेवटचा बफर. म्हणजे टोन काढला की ते दोघेही आपोआप निघतात. सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी सर्किट कागदावर काढा आणि प्रत्येक भागासमोर तो कशासाठी आहे ते लिहा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही, त्याच्यापासून सुरुवात करा.

डायोडपासूनच करू. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचं कलेक्टर फार तर आठ-सव्वाआठ व्होल्ट वरखाली होतं. त्यातला ४७० ओहमवरचा वाटा साधारण साडेपाच टक्के, म्हणजे शिखरापासून तळापर्यंत अर्धा व्होल्टही नाही. एका बाजूला पाव व्होल्टच्या आतबाहेर. १एन ४१४८ नीट वाहू लागायला सहा दशांश व्होल्टच्या आसपास लागतात. तिथे ते डायोड कधी चालूच होत नाहीत. एकेक पाय उचलून वाजवून पाहा, काही फरक पडणार नाही.

आता पहिला बफर. आवाज पातळ येण्याचं मुख्य कारण तोच आहे. दोन ट्रान्झिस्टरच्या या फझचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी, काही हजार ओहमच असतो, आणि गिटारच्या पिकअपची कॉइल थेट त्याला जोडलेली असावी अशीच त्याची घडण आहे. कॉइलमुळे वरचे कर्कश सूर दबतात आणि आवाज भरीव होतो. शिवाय गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की वाटेत काही हजार ओहमची भर पडते आणि फझ विरळ होत जवळजवळ स्वच्छ आवाज मिळतो. मध्ये बफर आला की हा सगळा संबंध तुटतो. या सर्किटचं निम्मं सौंदर्य गिटारच्या व्हॉल्यूममध्ये आहे, तेव्हा बफर काढाच. रांगेत दुसरी पेडल असतील तर फझ गिटारला सगळ्यात जवळ ठेवा.

उरतं ते लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये आणलेल्या फझ फेसच्या धाटणीचं सर्किट : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर). एकूण अकरा भाग. जोडणी अशी.

गिटारकडून २.२ मायक्रोफॅरड पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. अधिक टोक बेसकडे, कारण बेसवर सहा दशांश व्होल्ट असतात आणि गिटारकडे शून्य. पहिल्याचं एमिटर ग्राउंडला, कलेक्टर ३३ के मधून ९ व्होल्टला आणि तेच कलेक्टर थेट दुसऱ्याच्या बेसला. दुसऱ्याच्या कलेक्टरपासून ८.२ के, त्याच्या पुढे ४७० ओहम आणि मग ९ व्होल्ट. दोघांच्या सांध्यावरून ०.०१ मायक्रोफॅरडमधून व्हॉल्यूमला. दुसऱ्याच्या एमिटरला १ के चा फझ पॉट, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला, मधल्या पायापासून ग्राउंडकडे २२ मायक्रोफॅरड, अधिक टोक पॉटकडे. शेवटी त्याच एमिटरपासून १०० के परत पहिल्याच्या बेसला. हा १०० के काढायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो काढला तर पहिल्या ट्रान्झिस्टरला बायसच (चालू राहायला लागणारा स्थिर व्होल्टेज) मिळत नाही आणि दोन्ही जागचे हलत नाहीत.

एक बदल मात्र करा. ८.२ के ही किंमत मूळ जर्मेनियम ट्रान्झिस्टरसाठीची. बीसी ५४७ सिलिकॉनचा आहे. त्याच्या बाबतीत दुसऱ्याच्या एमिटरवर ०.६५ ते ०.७ व्होल्ट उभे राहतात, म्हणजे १ के मधून तितकेच मिलिअँपिअर. तोच प्रवाह ८.२ के आणि ४७० ओहममधून गेला की साडेपाच-सहा व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि कलेक्टरवर तीन व्होल्टच्या आसपास उरतात. हवे असतात साडेचार. म्हणून ८.२ के च्या जागी १० के चा प्रिसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) लावा, मल्टिमीटर दुसऱ्याच्या कलेक्टरवर धरा आणि ४.५ व्होल्ट येईपर्यंत फिरवा. बहुधा साडेसहा के च्या जवळ थांबाल. मग ६.८ के कायमचा लावला तरी चालेल, पण आमचं मत प्रिसेट राहू द्यावा असं आहे. साडेचारपासून अर्धा व्होल्ट इकडेतिकडे केला की आवाजाचा पोत बदलतो, तो कानाने ठरवण्यात मजा आहे.

बीसी ५४७ च्या शेवटच्या अक्षराकडेही पाहा. ए चा गेन (प्रवाह किती पटींनी वाढतो तो आकडा) ११० ते २२०, बी चा २०० ते ४५०, सी चा ४२० ते ८००. दोन्ही जागी सी लावले तर शिट्टी आणि खरखर पाठ सोडत नाही. पहिल्या जागी ए आणि दुसऱ्या जागी बी लावा. तरीही शिट्टी राहिली, किंवा रेडिओ ऐकू आला, तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये ४७ पिकोफॅरडचा सिरॅमिक लावा. त्यापेक्षा फार मोठा नको. ट्रान्झिस्टरचा गेन त्याला कितीतरी पटींनी मोठा करून दाखवतो आणि वरचे सूर मरतात. इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींना चिकटून जाऊ देऊ नका. शिट्टीचं निम्मं मूळ तिथेच असतं.

अ‍ॅडॅप्टरच्या हमसाठी दोन भाग वाढवावे लागतील, आणि ते वाढवणं योग्यच आहे. ९ व्होल्टच्या वाटेत १०० ओहम आणि त्यानंतर ग्राउंडकडे १०० मायक्रोफॅरड. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेतून अ‍ॅडॅप्टरमध्ये १०० हर्ट्झचा हम येतो. ही जोडी तो सुमारे सहापट कमी करते. सगळं सर्किट एक मिलिअँपिअरच्या आसपास खातं, म्हणून १०० ओहममध्ये वाया जातो तो फक्त एक दशांश व्होल्ट.

५०० के चा व्हॉल्यूम पॉट सहज मिळत नाही. दुकानात ४७० के असेल तर तोच घ्या. फक्त १०० के मिळाला तर आउटपुटचा ०.०१ बदलून ०.१ मायक्रोफॅरड करा. १०० के बरोबर ०.०१ ठेवला तर १६० हर्ट्झच्या खालचे सूर गळू लागतात, आणि गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते.

सगळं एकदम उपटू नका. आधी डायोड, मग बफरला वळसा घालणारी एक वायर, मग टोनपासून पुढचं सगळं सोडून सांध्यावरच्या कपॅसिटरपासून थेट व्हॉल्यूमला वायर. प्रत्येक पायरीला वाजवून ऐका. आवाजच गेला तर दुसऱ्याच्या कलेक्टरवरचे व्होल्ट मोजा. तिथे पूर्ण ९ दिसले तर दुसरा ट्रान्झिस्टर वाहतच नाही : पाय उलटे लागलेत किंवा १ के च्या पॉटचं टोक सुटलंय. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. २एन ३९०४ मध्ये तो बरोबर उलटा. परदेशी आकृतीवरून बनवताना हमखास इथेच गफलत होते.

प्रश्न : याहूनही सोपं, एकाच ट्रान्झिस्टरचं फझ होतं का? (एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : होतं, सहा भागांत. ०.१ मायक्रोफॅरड इनपुटला, एक बीसी ५४७ सी, कलेक्टरपासून ९ व्होल्टला १० के, एमिटर थेट ग्राउंडला, कलेक्टर आणि बेसच्या मध्ये एक १एन ४१४८, कलेक्टरपासून ०.१ मायक्रोफॅरडमधून १०० के च्या व्हॉल्यूमला. डायोडची पट्टी बेसकडे. कलेक्टरवर साधारण एक व्होल्ट दिसला पाहिजे. ९ दिसले तर डायोड उलटा आहे. बीसी ५४७ ऐवजी एमपीएसए १३ हा डार्लिंग्टन (एकातच दोन ट्रान्झिस्टर जोडलेला) लावला तर दीडच्या आसपास येईल आणि सूर जास्त लांब टिकेल.

हे सर्किट राकट आहे. सूर विरत आला की तुटक तुटक होऊन एकदम बंद पडतो, आणि गिटारच्या व्हॉल्यूमने ते दोन ट्रान्झिस्टरवाल्यासारखं स्वच्छ होत नाही. बेस गिटारवर मात्र फार छान वाजतं. पहिल्यांदाच सोल्डर करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. एका संध्याकाळचं काम आहे.

प्रश्न : जुन्या रेडिओतून काढलेले दोन एसी १२८ (जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर) वापरून फझ बनवलं. डिसेंबरात अप्रतिम वाजायचं. मे महिन्यात आवाज घुसमटला, कधी फक्त फुरफुर येते. ट्रान्झिस्टर गेले का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : गेलेले नाहीत, तापलेत. जर्मेनियममधून बेसला काही न देताही थोडा प्रवाह झिरपत राहतो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की हे लीकेज साधारण दुप्पट होतं. नाशिकला थंडीतल्या पहाटे १० अंश आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत ४० धरले, तर लीकेज आठपट झालं. डिसेंबरात लावलेला बायस मे महिन्यात कसा टिकेल?

ट्रान्झिस्टर काढून मोजून घ्या. एसी १२८ पीएनपी आहे : एमिटर बॅटरीच्या अधिकला, कलेक्टर २.४ के आणि ६८ ओहम सलग जोडून उणेला. बेस मोकळा ठेवून या रेझिस्टरच्या जोडीवरचे व्होल्ट वाचा. पाव व्होल्ट म्हणजे सुमारे १०० मायक्रोअँपिअर लीकेज. मग बेसपासून उणेला २.२ मेग जोडा. दुसऱ्या वाचनातून पहिलं वजा करा आणि शंभराने गुणा. तो खरा गेन. लीकेज ३०० मायक्रोअँपिअरच्या वर असेल तर तो ट्रान्झिस्टर या कामाचा नाही. मोजताना बोटांत धरू नका, बोटांच्या उबेनेच आकडा चढतो. नुसत्या मल्टिमीटरच्या एचएफई (गेन मोजायच्या) खाचेवर विश्वास ठेवू नका, ती लीकेजही गेनमध्येच धरते.

कमी लीकेजचा पहिल्या जागी लावा आणि दुसऱ्याच्या कलेक्टरचा प्रिसेट डब्याला भोक पाडून बाहेरून फिरवता येईल असा ठेवा, म्हणजे ऋतू बदलला की स्क्रूड्रायव्हरने साडेचारवर आणता येईल. सोल्डर करताना पायाला क्रोकोडाइल क्लिप लावून उष्णता आत जाऊ देऊ नका. आणि पीएनपी सर्किटमध्ये ग्राउंड अधिक असतो, म्हणून ते दुसऱ्या पेडलच्या अ‍ॅडॅप्टरवर जोडू नका, शॉर्ट होईल. त्याला स्वतंत्र बॅटरीच द्या.

प्रश्न : फझचा पॉट फिरवताना खरखर येते, दोनदा बदलला तरी. आणि तीन पोलचा (एका दाबात तीन जोडण्या बदलणारा) फूटस्विच मिळत नाही. (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : पॉट चांगलाच आहे. त्याच्या पट्टीतून ट्रान्झिस्टरचा डीसी प्रवाह सतत वाहतो; मधला पाय सरकला की २२ मायक्रोफॅरड भरतो किंवा रिकामा होतो, त्याचीच खरखर. फझ नेहमी पूर्णच ठेवत असाल तर पॉट काढून टाका. त्याजागी १ के रेझिस्टर आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरड, अधिक टोक एमिटरकडे. कमी-जास्त गिटारच्या व्हॉल्यूमने करा.

फूटस्विच दोन पोलचा घ्या आणि एलईडी विसरा. ४.७ के लावला तरी एलईडी दीड मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सगळ्या सर्किटपेक्षा जास्त. एका पोलचा मधला पाय इनपुट जॅकला, दुसऱ्याचा आउटपुट जॅकला. वरचे दोन पाय एकमेकांना, खालचे दोन सर्किटच्या इनपुट आणि आउटपुटला. स्विच दाबताना फट्ट आवाज आला तर इनपुट कपॅसिटरच्या गिटारकडच्या टोकापासून ग्राउंडला १ मेग जोडा. इनपुट जॅक स्टिरिओ घेऊन बॅटरीचं उणे टोक त्याच्या रिंगला जोडा. गिटारची मोनो पिन काढली की बॅटरी आपोआप बंद. वाजवून झाल्यावर पिन काढायची सवय मात्र लावून घ्या.