फिलाडेल्फियाच्या ट्रॅम्प्स या ग्रुपचं ‘डिस्को इन्फर्नो’ सोडून दुसरं ऐकण्यासारखं गाणं आहे का? बाकीची फारशी चालली नाहीत म्हणतात.

आहे, आणि माझ्या मते तेच त्यांचं सर्वांत गोड गाणं आहे: १९७२चं ‘झिंग! वेन्ट द स्ट्रिंग्ज ऑफ माय हार्ट’. अमेरिकेच्या हॉट १०० यादीत ते ६४व्या क्रमांकापर्यंतच चढलं, सोलच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या, यादीत १७व्या.

हे आकडे बघून गाणं बाजूला टाकू नका. खुद्द ‘डिस्को इन्फर्नो’ १९७७मध्ये पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हा ५३वरच अडकलं होतं. ‘सॅटरडे नाइट फीवर’ या सिनेमात वाजल्यावर, १९७८मध्ये तेच गाणं ११व्या क्रमांकावर गेलं.

‘झिंग’ मुळात १९३४चं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरचं. जेम्स हॅन्लीने लिहिलेलं हे गाणं पुढे ज्युडी गार्लंडने गायलं, मग १९५८मध्ये कोस्टर्स या ग्रुपने त्यात खर्जातला आवाज आणून त्याचा नूरच पालटला. ट्रॅम्प्सनी धागा उचलला तो कोस्टर्सचा. मात्र फिलाडेल्फियात आल्यावर त्याची चाल नाचरी झाली.

यातला खर्जातला आवाज आहे अर्ल यंगचा. हा माणूस मुळात ड्रमर! गिटारवर नॉर्मन हॅरिस, बेसवर रॉनी बेकर आणि ड्रम्सवर यंग, हे त्रिकूट म्हणजे फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओतल्या कितीतरी रेकॉर्ड्सचा कणा. ट्रॅम्प्सची निर्मितीही याच तिघांची. पुढच्याच वर्षी, १९७३मध्ये, हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स या ग्रुपच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’मध्ये यंगने बेस ड्रम चारही मात्रांवर ठोकला आणि मात्रांच्या मधोमध हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) उघडून ‘त्स्स’ असा आवाज काढला. पुढे डिस्को म्हणून जगभर जे काही वाजलं, त्यातल्या बहुतेकांचा ठेका हाच. इतकं मोठं काम करणाऱ्या माणसाचं नाव कव्हरवर शोधावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून त्याचा आवाज ठळक ऐकू येतो ते गाणं मला जास्त जवळचं आहे.

त्याच्या वरच्या पट्टीत ग्रुपचा मुख्य गायक जिमी एलिस. ‘डिस्को इन्फर्नो’त तो जीव तोडून गातो, इथे मजेत गातो. खालून यंग, वरून एलिस, असा हा खेळ आहे.

आवडलं तर लगेच ‘होल्ड बॅक द नाइट’ लावा. ते अमेरिकेत ३५वर थांबलं, पण ब्रिटनमध्ये १९७५मध्ये ५व्या क्रमांकावर होतं. दोन्ही गाणी १९७५च्या ‘द लेजंडरी झिंग अल्बम’मध्ये एकत्र मिळतील. शक्यतो हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर यंगचा खर्ज नीट पोचत नाही.