डोंबिवलीत चार नंबर की दादरला राखीव?

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा आहे, डोंबिवलीच्या छोट्या क्लबकडून चार नंबरला खेळतो, ऑफस्पिनपण टाकतो. आता दादरची एक नावाजलेली अकादमी घ्यायला तयार आहे, पण पहिलं वर्ष राखीवमध्येच जाईल म्हणतात. मिस्टर म्हणतात, मोठं नाव लागलं की करिअर सेट. काय करू?
– एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, मी तरी आत्ता नसतं पाठवलं. या वयात बघायचं एवढंच की पोराला मॅचमध्ये बॅटिंग किती मिळते आणि शून्यावर आऊट झाला तरी पुढच्या मॅचला त्याच नंबरवर पाठवतात का. शिवाजी पार्कचं एवढं नाव झालं ते काय नुसत्या नेट्समुळे नाही, सचिनचे कोच आचरेकर सर त्याला स्कूटरवर घालून या मैदानावरून त्या मैदानावर मॅच खेळायला न्यायचे. आणि वांद्र्याहून रोजची ये-जा झेपेना म्हणून तो पार्काजवळ काका-काकूंकडे राहिला, वांद्र्याहून बरं का! तुमचा पोरगा सकाळच्या फास्टला किटबॅग घेऊन चढणार, दारातले चार जण बॅगेवरून बोलणार, नेट्सवर पोचेपर्यंतच तो अर्धा दमलेला.

ऑफस्पिनचं म्हणालात म्हणून सांगतो, रोहित शर्मापण आधी ऑफस्पिनरच. कोच दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं, फी माफ करून घेतली, आणि पुढे नुसतं नॉकिंग (बॅटवर हलके बॉल घ्यायचा सराव) करताना बघून बॅटिंगला वर पाठवलं. राखीवमधल्या पोराचं नॉकिंग कोण बघत बसणार सांगा.

मिस्टरांसाठी दोन नावं देतो. पृथ्वी शॉ, रिझवीसारखी तगडी शाळा, २०१३ला हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत एका डावात ५४६ रन, २०१८ला कसोटी पदार्पणातच शतक, तरी इंडिया टीममधली जागा टिकली नाही. दुसरा अमोल मुझुमदार, शारदाश्रम शाळेचा, १९८८ला सचिन-कांबळीची ६६४ची पार्टनरशिप चालू असताना पॅड बांधून बसलेला, रणजी पदार्पणात २६०, आणि भारताकडून एकही मॅच नाही. सेट कसलं होतंय!

अर्थात छोट्या क्लबातच कायम ठेवा असंही नाही. समोरची बोलिंग फारच सोपी जायला लागली, दर मॅचला पन्नास व्हायला लागले, की हलवा. तोवर एवढं करा, पावसाळ्यात कांगा लीग (मुंबईतल्या क्लबांची स्पर्धा) खेळणाऱ्या एखाद्या टीममध्ये जागा मिळते का बघा, ओल्या विकेटवर बॉल कधी उडतो कधी बसतो, तिथे मोठ्या बोलरसमोर टिकतो का ते कळेल, आणि दादरवाल्यांना विचारायचंच असेल तर फी नंतर विचारा, आधी राखीव पोरांना वर्षात किती मॅच देता ते विचारा.