कोंजॅक बाहेर ठेवायचाय? आधी निचरा बघा

कोंजॅक आपल्या सुरणाचाच भाऊबंद, पण थंडीला बराच चिवट. सुरण मात्र जमीन गोठते तिथे बाहेर सोडू नका. कोंजॅकचाही कंद मुठीएवढा होईपर्यंत हिवाळ्यात घरातच, कोरडा ठेवा. मग झाडाखालच्या अर्धसावलीत, उतारावर, १५ ते २० सेंमी खोल लावा. मुळं कंदाच्या माथ्यावरून फुटतात, त्यामुळे वर माती भरपूर हवी. चिकण माती असेल तर बारीक खडी मिसळा. नुसत्या थंडीपेक्षा ओली थंडी वाईट: माथ्यावरच्या खळग्यात पाणी साचलं की डोळा कुजतो, म्हणून कंद जरा कलता बसवा. हिमाने पान लोळलं की कापून वर १५ सेंमी पालापाचोळा घाला. कोंब उशिरा, कधी जूनमध्ये दिसतो. तोवर उकरून बघू नका. कोवळा डोळा चटकन तुटतो.