प्रश्न तुमचे, उत्तर आमचे: साबुदाण्याचा कंद आणि आफ्रिका

प्रश्न: ताई, सगळीकडे संशोधन भागीदारी, संशोधन भागीदारी ऐकतो, पण त्याने शेतकऱ्याच्या पदरात खरंच काही पडतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर: पडतं हो दादा, आणि आफ्रिकेतला कसावा बघा ना, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तोच, तिथे कोट्यवधी लोकांचं ते रोजचं जेवण आहे. १९७० च्या दशकात काँगोकडून पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड, पसरला आणि देशामागून देश, शेतं बसायला लागली. फवारणी छोट्या शेतकऱ्याला परवडणार कशी? मूळ कीड दक्षिण अमेरिकेतली, म्हणून शोधाशोध तिकडेच, १९८१ मध्ये पॅराग्वेत ती सापडली आणि तिच्यावर जगणारी एक बारीकशी गांधीलमाशीपण. ही माशी ढेकणाच्या अंगातच अंडं घालते, अळी त्याला आतून खाते, मागे नुसतं वाळकं तपकिरी टरफल उरतं! लंडनला क्वारंटाईनमध्ये तपासून ती नायजेरियातल्या आयआयटीए या उष्ण प्रदेशातल्या शेतीवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे गेली, मग देशोदेशीच्या सरकारांबरोबर कसावाच्या पट्ट्यात सोडली आणि कीड आटोक्यात आली. या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ हान्स हेरेन यांना यासाठी १९९५ चा वर्ल्ड फूड प्राइझ हा अन्नक्षेत्रातला मोठा पुरस्कार मिळाला. एकट्या देशाच्या हातचं हे काम नव्हतंच, असं माझं ठाम मत.

आणि २०२० मध्ये हीच कीड केरळात आली, तेव्हा बंगळुरूच्या संशोधकांनी आयआयटीएच्याच बेनिन केंद्रातून ती माशी आणली, २०२२ ला तामिळनाडूतल्या सेलम भागात सोडली, आपला उपवासाचा साबुदाणा तिकडूनच तर येतो. फक्त माशी सोडलेल्या शेतात कीटकनाशक मारू नका, तीपण मरते.