चहातून पावडर देऊ का?

प्रश्न : आमचे मालक रोज पितात. सकाळी पाकीट पोटात गेल्याशिवाय हात स्थिर राहत नाहीत. यंदा गणपतीत शिवायची नाही म्हणून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी अंगाला कापरं भरलं. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून अंथरूण झटकत बसले, वारलेल्या भावाशी बोलू लागले. सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे. शेवटी दिरांनी नव्वदी पाजली तेव्हा निवळले. आता शेजारीण दारू सोडवायची पावडर देते आहे, न सांगता चहात घालायची. देऊ का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, पावडर देऊ नका. पण आधी त्या मुंग्यांचं बोलू. बाहेरचं असतं तर नव्वदीनं उतरलं नसतं!

दारू मेंदूला ब्रेक लावते. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेलाच असला की मेंदू तेवढाच जोर लावून चालायला शिकतो. दारू एकदम थांबली की जोर तसाच राहतो, आवरायला काही उरत नाही. पहिल्या दिवशीच थरथर, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, वेळ-जागेचं भान सुटणं. तुम्ही लिहिलेली तिसरी रात्र नेमकी यात बसते. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास यात माणूस दगावू शकतो.

तेव्हा पुन्हा शपथ घेतली तरी घरच्या घरी एकदम बंद करू देऊ नका. आधी दाखल करा. बेळगावच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्थाच आहे. तिथं शांत करणारी औषधं देतात आणि काही दिवसांत तीही कमी करत आणतात. बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही देतात. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की आधी सलाईन. पण पिणाऱ्याला बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून लाजेनं 'पोटाचं दुखणं' सांगू नका. रोज किती पितात आणि शेवटची कधी घेतली, एवढं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता पावडर. अशा पुडीत डायसल्फिराम हे औषध असू शकतं, नाहीतर काय असतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिराम पोटात असताना दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोनेक आठवडे हा धोका राहतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनं. तुमच्या मालकांनी आपणहून शपथ घेतली होती, म्हणजे इच्छा आहे. मग चोरून कशाला?

१४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, आधी तिथं विचारून घ्या. जाताना आधार आणि रेशनकार्ड घ्या. दिरांनाही सोबत न्या, पहिल्या रात्री धरायला माणूस लागतो.